गाव वाढवलं

लिमयेवहिनींची आणि माझी ओळख दोन रिकाम्या डब्यांमुळे झाली.

टोकियोच्या पूर्व टोकाला, हिगाशी-कसाईत आम्ही नवीन होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलं की फोडणीचा वास यायचा आणि जपानी शेजारी श्वास रोखून वर बघत उभे राहायचे. झाडून सगळे नवरे सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी गर्दीत चेंगरत ऑफिसला जायचे, ते मुलं झोपल्यावर उगवायचे. आणि आम्ही बायका डिपेंडंट व्हिसावर. डिपेंडंट! मुंबईत आठ वर्षं बँकेत नोकरी केलेल्या बाईच्या पासपोर्टवर हा शब्द उमटला की कसं वाटतं ते मला विचारा.

तर एका दुपारी बेल वाजली. दारात आठ-नऊ वर्षांची मुलगी, पाठीला शाळेचं लाल दप्तर तसंच.

"काकू, मी वरच्या मजल्यावरची इरा. आई म्हणाली, तांदूळ वाढले."

"म्हणजे गं?"

तिने जरा विचार केला. "फुएता. म्हणजे… खूप झाले. जास्त."

मला वाटलं, वा! पुण्याहून कुणाबरोबर तरी आंबेमोहोर आलेला दिसतोय, वाटताहेत बिचाऱ्या. मी लाजबिज न बाळगता चांगला मोठा डबा काढला आणि तिच्या मागोमाग वर गेले. दार उघडलं तर एक उंच, गोऱ्यापान, घाऱ्या डोळ्यांच्या बाई हातात रिकामा डबा घेऊन उभ्या. त्यांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं, मी त्यांच्या. दोन्हींत ठणठणाट.

"अगं, तांदूळ वाढले म्हणजे संपले!" त्या म्हणाल्या.

"मग संपले म्हणा की सरळ!"

"संपले म्हणू नये. कुंकू वाढतं, बांगडी वाढवतात, नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. घरातलं काही संपत नसतं, कळलं का?"

हे 'कळलं का' त्यांच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्याला असायचं. पुण्यात मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या. नवऱ्याला जपानचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तशी नोकरी सोडून आल्या, पण वर्ग काही सुटला नव्हता. समोर एकच माणूस असला तरी बाई मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायच्या. मी मुकाट्याने खाली येऊन त्यांना तांदूळ नेऊन दिले. इरा मात्र बराच वेळ आमच्याकडे रागाने बघत होती. 'वाढणं' म्हणजे संपणं असतं, ही आपल्या पाठीमागे मोठ्या माणसांनी केलेली लबाडी आहे असं तिचं मत पडलं.

वहिनींना जपान पहिल्या दिवसापासून आवडलं होतं, आणि त्याचं कारण म्हणे पाट्या. जळणारा कचरा कधी, न जळणारा कधी, बाटल्यांची झाकणं कुठे, सायकल कुठे लावायची नाही, जिन्यात कसं बोलायचं नाही. त्या प्रत्येक पाटीपुढे उभ्या राहून शब्द लावत वाचायच्या. जपानी वाचायला त्या अशाच शिकल्या. "हे लोक आपल्याच पेठेतले गं," त्या मला सांगायच्या. "फरक एवढाच, आपल्याकडे अपमान करून सांगतात आणि इथे माफी मागून. मुद्दा एकच, करू नका."

पण पाट्या वाचून दिवस किती भरणार? त्यांची घालमेल मला दिसायची. लिमयेभाऊजी देवमाणूस, पण ऑफिसला वाहिलेले. इराला काही विचारलं की ती "बेत्सुनि" म्हणायची, म्हणजे विशेष काही नाही, आणि दार लावून घ्यायची. एकदा भाजी निवडताना वहिनी म्हणाल्या, "मेधा, पाच वर्षं झाली, इथे मला कुणी माझ्या नावाने हाक मारलेली नाही. शाळेत मी इराची मम्मी, ऑफिसच्या पार्टीत लिमयेसानची ओकुसान. बायको म्हणून मान देतात गं, नाही असं नाही. पण मी कुठे आहे?" मी मेथीची पानं खुडत राहिले, कारण माझंही तेच होतं.

आणि मग ते गाव मिळालं.

चिबाकडे समुद्राजवळ, निशी-फुनाबाशीला गाडी बदलून तासाभरावर, एक युरोपातलं जुनं गाव होतं. होतं म्हणजे बांधलेलं. लाकडाच्या व्यापारात बक्कळ पैसा केलेल्या एका जपानी शेठजींनी तरुणपणी तालिन पाहिलं होतं. उत्तर युरोपात एस्टोनिया नावाचा लहानसा देश आहे, त्याची राजधानी. तिथले बुरूज, दोन गोल मनोऱ्यांमधली वेस, चौकातलं दगडी नगरभवन आणि त्याच्या सुईसारख्या टोकावर तलवार घेऊन वाऱ्याबरोबर फिरणारा पत्र्याचा शिपाई, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत भरलं. हाती पैसा खुळखुळायला लागल्यावर त्यांनी त्या गावाची छोटी प्रतिकृती उभी केली. तिकीट काढून लोक बघायला यायचे, फोटो काढायचे, पाव-सूप खायचे, आणि दगडी चर्चमध्ये जपानी जोडपी हौसेने लग्नं लावायची. गावात फिरवून माहिती सांगायला त्यांना शनिवार-रविवारपुरत्या 'परदेशी' बायका हव्या होत्या.

ही बातमी वहिनींना वॉर्डाच्या जपानी वर्गात कळली. व्हिसावर थोडे तास काम करायची परवानगी काढून त्या थेट मुलाखतीला गेल्या. तिथले व्यवस्थापक ओनुकीसान, काडीसारखे बारीक गृहस्थ, छातीशी कायम एक जाड मॅन्युअल धरलेलं. त्यांनी वहिनींचा अर्ज बघितलाच नाही. त्यांनी डोळे बघितले.

"माझ्या सासूबाई बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, मुलगी बरी आहे, पण मांजरीच्या डोळ्यांची आहे," वहिनी हसून हसून सांगत होत्या. "वीस वर्षांनी त्या डोळ्यांना नोकरी लागली!"

एक कोकणस्थ बाई पांढरी झालरीची टोपी, कमरेला ॲप्रन आणि जमिनीवर लोळणारा झगा घालून युरोपियन म्हणून उभी राहिली आणि जपानी माणसं "किरेइ, किरेइ", किती सुंदर, म्हणत तिच्याबरोबर फोटो काढायला लागली. जपान्यांना ल म्हणता येत नसल्यामुळे तिथे त्या 'रिमायेसान' झाल्या. पहिल्या दिवशी घरी आल्या त्या जिन्यातूनच ओरडत. "मेधा! आज मला दिवसभर माझ्या नावाने हाका मारल्या! चुकीच्या मारल्या, पण मारल्या!"

एकच काटा होता. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की पाहुण्यांनी 'तुम्ही कुठल्या?' असं विचारलं तर 'मी याच गावची' असं सांगावं. लोकांचं स्वप्न मोडू नये. वहिनींना हे पटेना. इतिहासाची बाई खोटं बोलणार? दोन दिवस धुसफुसल्या आणि तिसऱ्या दिवशी तोडगा काढला. कुणी विचारलं की मान ताठ करून म्हणायच्या, "मी जुन्या गावातली."

"आता सदाशिव पेठ जुनी नाही का?" त्या मला म्हणाल्या. "मी कुठे खोटं बोलले?"

मी एका रविवारी मुद्दाम त्यांची फेरी बघायला गेले. खरं सांगायचं तर टिंगल करायच्या इराद्यानेच. पण पाच मिनिटांत माझं तोंड बंद झालं. त्या गावात चालत नव्हत्या, नांदत होत्या. मॅन्युअलमधली नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्यांनी सगळ्याचं बारसं केलं होतं. वेशीजवळ बंदराकडे तोंड करून एक बुटका आडवातिडवा बुरूज होता. त्याला मुळातच लोक 'जाडी मार्गारेट' म्हणतात. तिला त्या नुसतं 'जाडी' म्हणायच्या, आणि जाता-येता तिच्या भिंतीवर थाप मारायच्या. दुसरा एक उंच बुरूज, त्याच्या नावाचा अर्थच 'स्वयंपाकघरात डोकाव' असा. वरच्या शिपायांना खालच्या घरांतल्या चुली दिसायच्या म्हणे.

"अगं, आपल्याकडे खुन्या मुरलीधर आहे, पासोड्या विठोबा आहे, जिलब्या मारुती आहे. तसा यांचा डोकाव्या बुरूज," वहिनी हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या. "जुनं गाव आपल्या मोठ्या लोकांना टोपणनाव दिल्याशिवाय राहत नाही. जगात कुठेही जा, कळलं का?"

मग त्या आम्हाला दोन चढांपाशी घेऊन गेल्या. खालच्या गावातून वर टेकडीवर जायच्या दोन वाटा. एक लांबलचक, एक तोकडी आणि उभी. खऱ्या गावातही त्यांची नावं 'लांब पाय' आणि 'आखूड पाय' अशीच आहेत. मॅन्युअलमध्ये एवढंच होतं. वहिनी मात्र झगा उचलून, एक पाय लांब टाकत आणि एक आखूड टाकत, चक्क लंगडत चढायला लागल्या आणि जपानीत म्हणाल्या, "एक पाय लांब, एक आखूड. म्हणजे आमचं गाव लंगडतं!" म्हातारी माणसं खो खो हसली. पोरं त्यांच्यामागे रांगेत लंगडत चढली. मीही लंगडले, सांगायला लाज कसली.

मागे ओनुकीसान उभे होते. हसत नव्हते. मॅन्युअलची पानं उलटत होते.

त्यानंतर एका शिस्तप्रिय जोडप्याने तक्रार केली. गाइडबाई गावाची थट्टा करतात, माहितीपत्रकात नसलेलं सांगतात, आणि कुठल्या म्हणून विचारलं तर धड उत्तर देत नाहीत. ओनुकीसाननी वहिनींना बोलावून घेतलं, दोनदा वाकले आणि म्हणाले, "रिमायेसान, मॅन्युअलमध्ये नाही ते बोललात तर यापुढे जरा कठीण होईल." जपानी माणूस 'जरा कठीण' म्हणाला की काय समजायचं ते तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा. पुढची तक्रार म्हणजे घरी.

वहिनी आठवडाभर उदास होत्या. "जाईल गं नोकरी," चहा गार होईपर्यंत ढवळत म्हणाल्या. "पैशाचं काही नाही. पण मग मी पुन्हा ओकुसान." त्या असं कधी बोलत नसत. मी आणि आमचे हे, त्या रविवारी मुद्दाम त्यांच्या फेरीला गेलो. धीर द्यायला म्हणून.

त्या दिवशी वहिनी अगदी मॅन्युअलप्रमाणे बोलत होत्या. ही वेस, हे नगरभवन. ऐकवेना. गटात एक म्हातारी युरोपियन बाई होती, डोक्याला रुमाल, हातात काठी, सोबत चाळिशीचा मुलगा. मुलगा आमच्याच जातकुळीतला निघाला, टोकियोत कॉम्प्युटरचं काम करणारा. तो जपानी ऐकून आईला तिच्या भाषेत सांगत होता. चढापाशी आलो. वहिनींनी लांब पाय दाखवला, आखूड पाय दाखवला आणि थांबल्या. पोरं वाट बघत होती. एका पोराने विचारलंच, "मागच्या वेळेसारखं लंगडायचं नाही?"

वहिनींनी ओनुकीसानकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, मराठीतच, "मरू दे!" आणि झगा उचलून लंगडायला लागल्या.

"आमचं गाव लंगडतं," त्यांनी जपानीत सांगितलं. मुलाने आईला भाषांतर करून सांगितलं आणि त्या म्हातारीने काठी खाली टाकली. मला वाटलं, झालं, हिलाही राग आला. तर ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलगा गडबडून गेला. "आई म्हणते, हे तिची आजी म्हणायची. आमच्या तालिनमध्ये हेच म्हणतात, गाव लंगडं आहे, एक पाय लांब, एक आखूड. ती विचारते, तुम्ही कुठल्या गल्लीतल्या?"

ओनुकीसान दोन पावलं पुढे आले. मॅन्युअलमधलं उत्तर सगळ्यांना पाठ होतं, आणि 'जुन्या गावातली' हा तोडगा खऱ्या गावच्या माणसापुढे चालणार नव्हता. वहिनींनी डोक्यावरची झालरीची टोपी काढून हातात घेतली.

"मी इंडियातली," त्या म्हणाल्या. "पुणे. तुमचं गाव मी कधीच पाहिलेलं नाही. लंगडण्याचं मी मनाने सांगितलं. माफ करा."

भाषांतर झालं. म्हातारीने जरा विचार केला आणि काहीतरी विचारलं.

"आई विचारते, तुमचं पुणे जुनं आहे का?"

"आहे की!"

"मग बरोबर आहे, म्हणते. जुन्या गावातल्या बायकांना कळतं."

त्या दोघी चौकातल्या बाकावर टोमॅटोच्या सुपाचे वाडगे घेऊन बसल्या त्या बसल्याच. मुलगा बिचारा मध्ये बसून भाषांतर करून घामाघूम. तेव्हा त्या आजीबाईंनी वहिनींना एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाच्या वर एक तळं आहे, आणि तळ्यात एक म्हातारबाबा राहतो. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत तो वेशीवर येतो आणि विचारतो, "गाव बांधून पुरं झालं का?" झालं म्हटलं, की तो तळ्याचं पाणी सोडून सगळं गाव बुडवणार. म्हणून पहारेकऱ्याने दर वर्षी एकच सांगायचं असतं, "छे, अजून बरंच बाकी आहे." त्यामुळे तालिनमध्ये कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं.

वहिनींनी मांडीवर थाप मारली. "मेधा, ऐकलंस का? यांच्यातही संपलं म्हणत नाहीत!"

ओनुकीसान लांब उभे राहून ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी वहिनींना बोलावलं. मी वेशीबाहेर देवाचं नाव घेत उभी. वहिनी बाहेर आल्या त्या चेहऱ्यावर काही न दाखवता. गाडीत बसल्यावर बोलल्या. ओनुकीसाननी त्यांच्यासमोर मॅन्युअल उघडलं होतं, खिशातून पेन काढलं होतं, आणि लंगडण्याची जागा नक्की कुठल्या पायरीपासून, असं विचारलं होतं. सुरुवात लांब पायाने करायची की आखूड, हेही लिहून घेतलं. 'याच गावची' ही ओळ खोडली आणि तिथे 'जुन्या गावातली' असं लिहिलं. आता ते मॅन्युअलमध्ये होतं, म्हणजे ब्रह्मवाक्य. पुढच्या रविवारपासून बाकीच्या गाइड मुलीही लंगडायला लागल्या.

त्यानंतर तीन-चार वर्षं वहिनी त्या गावात राजीखुशीने नांदल्या. जाड्या झाल्या, टोपी बदलून घ्यावी लागली. म्हातारबाबाची गोष्ट सांगताना त्या सगळ्या गटाकडून एका सुरात "मादा देकिते इमासेन!" असं म्हणवून घ्यायच्या, म्हणजे 'अजून तयार नाही!'. इराची शाळेची सहलही तिथे आली. त्या दिवशी सुट्टी घे म्हणून पोरीने आईचे पाय धरले होते. वहिनींनी घेतली नाही. घरी आल्यावर कसं झालं म्हणून विचारलं तर इरा म्हणाली, "बेत्सुनि." पण या खेपेला दार लावलं नाही.

मग मंदी आली. एकेक कॉन्ट्रॅक्ट गळायला लागलं. आमच्या लिफ्टमधला फोडणीचा वास विरळ झाला. लिमयेभाऊजींचंही परत जायचं ठरलं, आणि त्याच सुमारास शेठजींच्या मुलांनी गाव बंद करायचा निर्णय घेतला. जागा विकणार, बुरूज पाडणार. मला वाटलं, वहिनी कोलमडणार. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आमच्यामागे जाडीकडे कोण बघणार होतं?" आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

शेवटच्या रविवारी इरा आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. गर्दी चांगली होती. जायच्या वेळीच सगळ्यांना प्रेम येतं. वहिनींनी शेवटची फेरी घेतली, डोकाव्याला हात जोडले, जाडीच्या भिंतीवर नेहमीची थाप मारली आणि हात जरा जास्त वेळ तिथेच ठेवला. शेवटचे पाहुणे वेशीबाहेर पडले. ओनुकीसान एक पाटी घेऊन आले. छापील, अदबशीर, 'आपल्या कृपेबद्दल ऋणी आहोत' वगैरे, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'समाप्त'.

"ही नको," वहिनी म्हणाल्या.

"रिमायेसान, ही मुख्य कचेरीतून आली आहे."

"असू दे. वेशीवर असं लिहायचं नसतं. तुम्हाला गोष्ट माहीत आहे ना?"

ओनुकीसान पाटी हातात घेऊन उभे राहिले. त्या माणसाने आयुष्यात वरून आलेली पाटी कधी उलटी केली नसेल. त्यांनी ती उलटी केली. मागची बाजू कोरी होती. खिशातून जाड पेन काढून त्यांनी वहिनींपुढे धरलं. वहिनींचं जपानी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यांनी पेन इराला दिलं. इरा आता चौदा वर्षांची घोडी झाली होती. ती पायरीवर बसली आणि सुरेख, वळणदार अक्षरांत तिने लिहिलं, 'मादा देकिते इमासेन'. अजून तयार नाही.

ओनुकीसाननी ती वेशीवर टांगली. सरळ आहे का ते लांबून पाहिलं, पुन्हा जवळ जाऊन केसभर डावीकडे केली. मग घसा खाकरून म्हणाले, "हे मॅन्युअलमध्ये नाही." आणि पहिल्यांदाच हसले.

"चला," वहिनी टोपीच्या नाड्या सोडत म्हणाल्या. "गाव वाढवलं."

ओनुकीसाननी विचारलं, रिमायेसान काय म्हणाल्या? मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी इरा बोलली. आईकडे न बघता, सरळ उभी राहून, शाळेत उत्तर द्यावं तसं.

"फुएमाशिता," ती म्हणाली. वाढलं. जास्त झालं.

ओनुकीसाननी रिकाम्या चौकाकडे, लंगड्या चढाकडे, वरच्या पत्र्याच्या शिपायाकडे पाहिलं आणि कमरेत वाकून म्हणाले, "सोऽ देस ने." खरं आहे.

मी वहिनींकडे बघितलं. चुकीचं भाषांतर त्यांच्या कानावरून कधी सुटत नसे. त्या दिवशी त्यांनी दुरुस्त केलं नाही. टोपी काखेत मारली, इराच्या खांद्यावर हात टाकला, आणि स्टेशनकडच्या उतारावरून त्या दोघी एक पाय लांब, एक आखूड टाकत निघाल्या.